विमान उत्तर देत नाही तेव्हा

१६ फेब्रुवारी २०१७. मुंबईहून लंडनच्या हीथ्रोकडे निघालेलं जेट एअरवेजचं बोईंग ७७७ जर्मनीच्या आकाशात होतं. आत ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी. खालून जर्मन नियंत्रक हाका मारत होते आणि विमानातून काहीच उत्तर येत नव्हतं. थोड्याच वेळात जर्मन हवाई दलाच्या दोन युरोफायटर विमानांनी कोलोन शहराच्या आसपास त्याला गाठलं. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका विमानातून हे चित्रित झालं आणि पुढे जगभर पाहिलं गेलं: मोठ्या विमानामागची पांढरी रेघ, आणि बाजूनं वेगात जवळ येणारे दोन बारीक ठिपके. काही मिनिटांत संपर्क पुन्हा जुळला. विमान लंडनला सुखरूप उतरलं. रेडिओ चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर राहिला होता, एवढंच कारण निघालं.

गप्प झालेल्या बहुतेक विमानांची कहाणी अशीच असते. आकाशाचे विभाग पाडलेले असतात. प्रत्येक विभागाचा नियंत्रक वेगळा, त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. हद्द ओलांडताना जुना नियंत्रक नवा आकडा सांगतो, वैमानिक तो परत म्हणून दाखवतो आणि रेडिओवर लावतो. आकडा ऐकण्यात चुकला, लावण्यात चुकला, किंवा हाक नेमकी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात बुडाली, की विमान सगळ्यांच्या कानाआड होतं. यावर उपाय म्हणून १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी दुसऱ्या रेडिओवर सतत ऐकत राहायची असते. पण लांबच्या प्रवासात त्या रेडिओचा आवाज कुणीतरी कमी करतं आणि वाढवायचं राहून जातं. २००९ मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्टचं एक विमान मिनीआपोलिस सोडून दीडशे मैल पुढे निघून गेलं. दोन्ही वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले होते. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरचे दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपी गेले आणि विमान २८ मिनिटं कुणालाच उत्तर देत नव्हतं.

नियंत्रक अशा वेळी आधी हातातले साधे उपाय करून बघतो. मागच्या विभागाला विचारतो, अजून तुमच्याकडे बोलतंय का? जवळच्या विमानांना सांगतो, आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर तुम्ही हाक मारून बघा. कंपनीला फोन जातो. कंपनी कॉकपिटमधल्या पडद्यावर संदेश धाडते. दरम्यान सगळ्यांचं लक्ष ट्रान्सपॉन्डरच्या चार आकड्यांवर असतं. रडारला विमानाची ओळख सांगणारं हे यंत्र. वैमानिकानं त्यावर ७६०० लावलं तर रेडिओ बंद पडलाय, ७७०० म्हणजे आणीबाणी, आणि ७५०० म्हणजे विमानाचं अपहरण झालंय. कॉकपिटमध्ये कुणी मानेला सुरा लावून उभं असलं, तरी बोट हळूच फिरवून हा आकडा लावता येतो. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही.

आकडाही बदलला नाही आणि आवाजही आला नाही, तर मात्र खाली बसलेल्या माणसाची पंचाईत होते. झोपलेला वैमानिक, चुकीची फ्रिक्वेन्सी, बेशुद्ध पडलेला वैमानिक आणि अपहरणकर्त्याच्या ताब्यातला वैमानिक हे चारही रडारच्या पडद्यावर अगदी सारखे दिसतात. तोच ठिपका, तीच उंची, तोच वेग. म्हणून हवाई दलाला कळवलं जातं आणि लढाऊ विमानं वर जातात. त्यांच्या पंखांखाली क्षेपणास्त्रं असतात हे खरं, पण त्यांना धाडलं जातं ते आधी बघायला. या प्रकरणात पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हीच गोष्ट निर्णायक ठरली आहे: कुणी बघायला गेलं का, वेळेत गेलं का, आणि जे दिसलं ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचलं का.

बघायला जाण्याचीही ठरलेली रीत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या नियमांत ती लिहिलेली आहे. लढाऊ विमानं मागून येतात. पुढचं विमान प्रवासी विमानाच्या डाव्या अंगाला, किंचित वर आणि किंचित पुढे येतं. डावीकडेच, कारण कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो. जोडीदार मागे राहतो, नजर ठेवून. पुढचा पंख हलवतो, आधी एक खाली, मग दुसरा. रात्र असेल तर दिव्यांची उघडझाप करतो. अर्थ असा की मी तुला अडवलंय, माझ्यामागे ये. प्रवासी विमानानं तसेच पंख हलवले की निरोप पोचला. मग लढाऊ विमान सावकाश डावीकडे वळून हव्या त्या दिशेला लागतं. विमानतळावर घिरट्या घालत त्यानं चाकं खाली सोडली तर इथे उतर. आणि प्रवासी विमानाच्या वाटेत न येता ते एकदम वर उसळी मारून निघून गेलं, तर तू मोकळा आहेस, जा. रेडिओवर भाषेची अडचण आली तर कामापुरते इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंना ठरवून दिलेले आहेत. अडवलेल्या वैमानिकाच्या यादीत ‘जमत नाही’ आणि ‘वाट चुकलो’ यांच्याबरोबर ‘अपहरण’ हा शब्दही आहे.

सगळी भिस्त एकाच गोष्टीवर आहे: कॉकपिटमध्ये कुणीतरी शुद्धीवर आहे, खिडकीबाहेर बघतंय आणि पंख हलवण्याच्या स्थितीत आहे.

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत तसं नव्हतं. प्रसिद्ध गोल्फपटू पेन स्टुअर्ट आणि इतर पाच जणांना घेऊन एक छोटं लिअरजेट फ्लोरिडातल्या ओरलँडोहून डॅलसला निघालं. वाटेत ते गप्प झालं आणि वळायचं तिथे न वळता सरळ वायव्येकडे जात राहिलं. एफ-१६ च्या वैमानिकानं जवळ जाऊन पाहिलं. विमानाला कुठे इजा नव्हती, पण कॉकपिटच्या काचांवर आतून हिम जमल्यासारखं झालं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. आतली हवा गेली होती आणि बाहेरची थंडी आत शिरली होती. लढाऊ विमानं आळीपाळीनं सोबत करत राहिली. इंधन संपल्यावर ते विमान साउथ डकोटातल्या शेतात कोसळलं. मदत करण्याजोगं काही नव्हतंच. विमान कुठे पडतंय हे बघणं एवढंच सोबत गेलेल्यांच्या हाती होतं.

असा सगळ्यात दारुण प्रसंग ग्रीसमध्ये घडला. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

१४ ऑगस्ट २००५. सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी सायप्रसमधल्या लार्नाकाहून हेलिओस एअरवेजचं बोईंग ७३७ अथेन्समार्गे प्रागला निघालं. आत १२१ जण होते. उड्डाणाआधी विमानाच्या एका दाराची तपासणी झाली होती. तपासणीसाठी केबिनमधला हवेचा दाब हातानं नियंत्रित करावा लागतो, म्हणून कॉकपिटमधली एक कळ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवली गेली. ती तशीच राहिली. वैमानिकांनी एकामागून एक याद्या वाचल्या, प्रत्येक यादीत ती कळ त्यांच्या नजरेखालून जायला हवी होती, आणि प्रत्येक वेळी निसटली.

विमान बारा हजार फुटांवर गेल्यावर भोंगा वाजला. पण त्या जातीच्या विमानात एकच भोंगा दोन गोष्टींसाठी वाजत असे: जमिनीवर उड्डाणाची तयारी चुकली असेल तर, आणि हवेत केबिनमधला दाब कमी झाला असेल तर. वैमानिकांना वाटलं पहिलंच कारण, यंत्रात काहीतरी बिघाड. ते कंपनीच्या अभियंत्याशी रेडिओवर बोलत राहिले, विमान वर चढत राहिलं आणि हवा विरळ होत गेली. प्राणवायू कमी पडण्याची खरी भीती हीच, की त्यात गुदमरल्यासारखं होत नाही. माणसाला बरंच वाटत असतं. फक्त विचार जुळेनासे होतात. ३४ हजार फुटांवर मास्क नसेल तर कामाची शुद्ध मिनिटभरही टिकत नाही. ९ वाजून २० मिनिटांनी विमानातून शेवटचा आवाज आला.

मागे केबिनमध्ये मास्क आपोआप खाली लोंबले होते. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू जेमतेम बारा-पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकानं विमान दहा हजार फुटांवर आणायचं, हा त्यामागचा हिशेब. इथे विमान खाली आणणारं कुणी उरलंच नव्हतं. ऑटोपायलटनं ते इमानेइतबारे अथेन्सजवळ नेलं आणि किया बेटावर घिरट्या घालत ठेवलं.

११ वाजून २४ मिनिटांनी ग्रीक हवाई दलाच्या दोन एफ-१६ नी त्याला गाठलं. कॅप्टनची खुर्ची रिकामी होती. उजवीकडचा सहवैमानिक पुढे कलंडला होता. केबिनच्या खिडक्यांतून मास्क लावलेले, हालचाल नसलेले प्रवासी दिसत होते. अथेन्ससारखं शहर जवळ, गप्प झालेलं प्रवासी विमान, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला चार वर्षंही झालेली नव्हती. खालच्या लोकांच्या मनात काय आलं असेल हे सांगायला नको. पण एफ-१६ च्या वैमानिकानं जे पाहून कळवलं त्यातून एक गोष्ट उघड होती. हे अपहरण नव्हतं.

मग पंचवीस मिनिटांनी त्याला एक माणूस कॉकपिटमध्ये शिरताना दिसला. तो विमानातला तरुण कर्मचारी होता, सुटं ऑक्सिजनचं नळकांडं वापरून एवढा वेळ शुद्धीवर राहिलेला. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, पण एवढं मोठं विमान चालवायचं प्रशिक्षण नव्हतं. तो कॅप्टनच्या खुर्चीत बसला, आणि जवळजवळ त्याच क्षणी डावं इंजिन इंधनाअभावी बंद पडलं. त्यानं ‘मेडे’ असा पुकारा केला. विमानाच्या ध्वनिमुद्रकात तो सापडला. पण रेडिओ अजून सायप्रसच्या फ्रिक्वेन्सीवर होता, त्यामुळे तो कुणालाच ऐकू गेला नाही. शेजारून एफ-१६ चा वैमानिक हातवारे करत होता. या तरुणानं त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बोट दाखवलं. थोड्या वेळानं दुसरं इंजिनही थांबलं. बाराच्या सुमारास विमान अथेन्सजवळच्या ग्रामाटिको गावाच्या टेकड्यांवर आदळलं. कुणीही वाचलं नाही.

असं आपल्याकडे होणार नाही, असं समजू नये. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या बोईंग ७३७ मध्ये केबिनला हवा पुरवणारी कळ चालू करायची राहिली. १६६ प्रवासी होते. मास्क पडले, कुणाच्या नाकातून तर कुणाच्या कानातून रक्त आलं. फरक एवढाच की वैमानिकांच्या वेळेत लक्षात आलं आणि त्यांनी विमान परत मुंबईला आणलं. मास्क समोर लोंबला की आधी स्वतःला लावा, मग शेजारच्या मुलाला, ही सूचना आपण पुष्कळदा ऐकतो आणि सोडून देतो. तिच्यामागे हे मिनिटभराचं गणित आहे.

बघायला जाणारी विमानं सगळीकडे चोवीस तास तयार असतात, असा आपला समज असतो. १७ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे इथिओपियन एअरलाइन्सच्या सहवैमानिकानं कॅप्टन स्वच्छतागृहात गेल्याची संधी साधून कॉकपिटचं दार आतून लावून घेतलं आणि २०२ जणांचं विमान रोमऐवजी जिनिव्हाला नेलं. इटलीची आणि मग फ्रान्सची लढाऊ विमानं सोबत आली. स्वित्झर्लंडचं एकही आलं नाही, कारण स्विस हवाई दलाची ही सेवा तेव्हा फक्त कार्यालयीन वेळेत चालत असे. सहवैमानिकाला राजकीय आश्रय हवा होता. विमान उतरवून तो दोरीनं खाली आला आणि पोलिसांच्या स्वाधीन झाला. स्वित्झर्लंडनं २०२० अखेर चोवीस तासांची व्यवस्था उभी केली. त्याच २०१४ च्या ८ मार्चला मलेशियाचं एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसं झालं. त्यात ५ भारतीय होते. मलेशियाच्या लष्करी रडारवर ते माघारी वळताना दिसलं होतं. शत्रूचं वाटलं नाही म्हणून बघायला कुणालाच पाठवलं गेलं नाही. गेलं असतं तर काय दिसलं असतं, हा प्रश्न त्या कुटुंबांचा पिच्छा सोडत नाही.

आता याची दुसरी बाजू. १ सप्टेंबर १९८३ च्या रात्री कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे बोईंग ७४७ अलास्कातल्या अँकरेजहून सोलला जात होतं. ऑटोपायलट चुकीच्या पद्धतीवर राहिल्यानं ते हळूहळू वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं, आधी कामचाटकावरून, मग साखालिनवरून. सोव्हिएत सुखोई-१५ च्या वैमानिकाला, गेन्नादी ओसिपोविचला, लुकलुकणारे दिवे आणि खिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या होत्या. हे त्यानं पुढे स्वतः सांगितलं. पण त्यानं ते खाली कळवलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. इशारा म्हणून त्यानं दोनशेच्या वर गोळ्या झाडल्या, पण त्या अंधारात चमकणाऱ्या नव्हत्या. कोरियन वैमानिकांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. १२१.५ वर कुणी हाक मारली नाही. नेमक्या त्याच वेळी कोरियन विमान टोकियोची परवानगी घेऊन वर चढू लागलं; चढताना वेग कमी झाला आणि सोव्हिएत वैमानिकाला वाटलं की हे निसटू बघतंय. क्षेपणास्त्र सुटलं. २६९ माणसं गेली.

इथे बघायला गेलेल्याला दिसलं होतं. जे दिसलं ते विचारायची गरज हुकूम देणाऱ्यांना वाटली नाही. त्या विमानातले प्रवासी याच उणिवेमुळे गेले, असं माझं मत आहे.

त्यानंतर १० मे १९८४ रोजी मॉन्ट्रियलमध्ये नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारात एक नवं कलम घातलं गेलं, ३ बिस. राज्यांनी उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये. त्याला अडवताना आतल्या लोकांचे जीव धोक्यात घालू नयेत. मात्र हद्दीत शिरलेल्या विमानाला उतरायला सांगण्याचा हक्क राज्याला आहे. पुरेशा देशांची मान्यता मिळून ते लागू व्हायला १ ऑक्टोबर १९९८ उजाडलं. तोवर जुलै १९८८ मध्ये अमेरिकन युद्धनौकेनं इराण एअरचं ६५५ हे विमान पाडून २९० जणांचा बळी घेतला होता.

अपहरणाच्या बाबतीत मात्र अनेक दशकं वेगळाच शहाणपणा चालत होता. विमान जमिनीवर आणा, जमिनीवरच ठेवा, बोलत राहा, वेळ काढा. अपहरणकर्त्याला पैसा, कैद्यांची सुटका किंवा प्रसिद्धी हवी असते, मरण नको असतं, असं धरून हे चाले. सप्टेंबर १९७७ मध्ये मुंबईहून उडालेलं जपान एअरलाइन्सचं विमान जपानी रेड आर्मीनं ढाक्याला नेलं; जपाननं ६० लाख डॉलर आणि कैदी दिले. पुढच्याच महिन्यात लुफ्तान्झाचं ‘लँड्सहूट’ सोमालियातल्या मोगादिशूत उभं असताना जर्मनीच्या जीएसजी-९ पथकानं धाड घालून ८६ प्रवासी सोडवले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून गेलेलं पॅन ॲमचं ७३ हे विमान कराचीत बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतलं. विमानातली कर्मचारी, मुंबईत वाढलेली नीरजा भनोत हिनं सावध केल्यामुळे वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या दारातून निसटले. आज काहींना ते पळून जाणं वाटतं. पण वैमानिक नसलेलं विमान उडत नाही, आणि विमान जमिनीवर राहावं यासाठीच त्यांनी बाहेर पडायचं असतं. नीरजानं मुलांना वाचवताना प्राण दिले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

२४ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान एका माणसानं पळवलं. लाहोरनं उतरू दिलं नाही, विमान अमृतसरला आलं. मध्यरात्रीनंतर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो आत शिरले आणि काही मिनिटांत काम संपलं. सगळे १४१ जण सुखरूप, मेला तो फक्त अपहरणकर्ता. नियम काय आहे, तो कसा पाळायचा, हे आपल्याला माहीत होतं. आपण ते त्याच विमानतळावर करून दाखवलं होतं.

म्हणूनच २४ डिसेंबर १९९९ ची संध्याकाळ इतकी सलते. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पाचच्या सुमारास पळवलं गेलं. कॅप्टन देवी शरण यांनी इंधन पुरणार नाही हे सांगून सातच्या सुमारास ते अमृतसरला उतरवलं. विमान भारतीय धावपट्टीवर होतं, टाकीत इंधन जवळजवळ नव्हतं, आत सुमारे १९० जण होते. अशी परिस्थिती सरकारच्या हाती पुन्हा यायची नव्हती. पण दिल्लीत संकट व्यवस्थापन गट निर्णयाच्या शोधात होता, कमांडो पोचले नव्हते, आणि अमृतसरमध्ये कुणाचा हुकूम अंतिम हेच ठरत नव्हतं. इंधनाचा टँकर येता येता वाटेत रेंगाळला. आत अपहरणकर्ते बिथरले, त्यांनी प्रवाशांवर सुरे चालवले आणि वैमानिकाला उडायला भाग पाडलं. सुमारे ५० मिनिटांत विमान निघून गेलं. लाहोर, दुबई, कंदाहार. एका तरुण प्रवाशाचा जीव गेला होता. ३१ डिसेंबरला भारतानं तुरुंगातल्या मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर या दहशतवाद्यांना मोकळं केलं, तेव्हा बाकीच्या प्रवाशांची सुटका झाली.

टँकर का थांबला यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याहून मोठा प्रश्न असा, की धावपट्टीवर ट्रक आडवे लावून विमान अडवा, एवढा एक हुकूम देण्याचा अधिकार अमृतसरच्या जागेवर हजर असलेल्या एकाही माणसाकडे का नव्हता? लढाऊ विमानं, कमांडो, रडार सगळं होतं. निर्णय नव्हता.

पावणेदोन वर्षांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, जुना शहाणपणाच निकालात निघाला. अमेरिकेत चार विमानं पळवणाऱ्यांना उतरायचंच नव्हतं. त्यांनी ट्रान्सपॉन्डर बंद केले किंवा त्यांचा आकडा बदलला. पहिल्या विमानाची बातमी अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेला ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टॉवरवर आदळण्याआधी जेमतेम नऊ मिनिटं मिळाली, आणि त्या दिवशी चारपैकी कुठल्याही विमानाबाबत मिळालेली ती सर्वांत लांब पूर्वसूचना होती. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर दोन एफ-१६ निघाली तेव्हा त्यांच्यावर क्षेपणास्त्रं चढवायलाही वेळ नव्हता. मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी हे दोन वैमानिक गरज पडली तर स्वतःचं विमान प्रवासी विमानावर आदळवायच्या तयारीनं वर गेले. ज्याला गाठायला ते निघाले ते चौथं विमान तोवर पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळ पडलेलं होतं. आतल्या प्रवाशांनी अपहरणकर्त्यांवर चाल केली होती. जमिनीवरचा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा निर्णय विमान वाहतूक प्रशासनाचा: ९ वाजून ४५ मिनिटांनी देशावरचं प्रत्येक विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचा हुकूम निघाला आणि सुमारे साडेचार हजार विमानं खाली आली.

यानंतर कॉकपिटची दारं मजबूत झाली आणि आतून बंद राहू लागली. त्याची किंमत २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या १५० जणांनी मोजली. सहवैमानिकानं कॅप्टनला बाहेर ठेवून विमान आल्प्सवर घातलं, तेही खाली उतरू लागल्यापासून दहाएक मिनिटांत. जगातलं कुठलंही लढाऊ विमान एवढ्यात काही करू शकत नाही.

आणि अनेक सरकारांनी तो प्रश्न उघडपणे विचारला, जो आधी फक्त बंद दाराआड विचारला जाई: निरपराध प्रवाशांनी भरलेलं विमान आपणच पाडायचं का?

जर्मनीनं उत्तर कायद्यात लिहिलं. जानेवारी २००३ मध्ये एका माणसानं मोटर ग्लायडर पळवून फ्रँकफर्टच्या उंच इमारतींवर घिरट्या घातल्या होत्या. त्यानंतर २००५ मध्ये आलेल्या हवाई सुरक्षा कायद्यानं संरक्षणमंत्र्याला असं विमान पाडायचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. माजी गृहमंत्री गेऱ्हार्ट बाउम आणि इतर काही जण न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी २००६ ला जर्मन घटना न्यायालयानं ते कलम रद्द केलं. आतले प्रवासी तसेही मरणारच आहेत, हा युक्तिवाद न्यायालयानं मानला नाही. दुसऱ्यांना वाचवण्यासाठी राज्यानं काही माणसांना वस्तूसारखं वापरायचं ठरवलं, तर ते त्यांची मानवी प्रतिष्ठाच नाकारतं. आणि आत नेमकं काय चाललंय याची खात्री जमिनीवरून क्वचितच देता येते, हेही न्यायालयानं लक्षात घेतलं. ग्रामाटिकोच्या टेकड्यांवरची घटना तेव्हा सहाच महिन्यांपूर्वीची होती.

भारतानं उलट दिशा घेतली. ऑगस्ट २००५ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं अपहरणविरोधी धोरण मंजूर केलं. जमिनीवरचं अपहृत विमान उडू द्यायचं नाही. बोलणी करायची ती प्रसंग संपवण्यासाठी, मागण्या मान्य करण्यासाठी नाही. आणि विमान शस्त्रासारखं वापरलं जाणार असं दिसलं, तर ते पाडता येईल. समिती जमायला वेळ नसेल तर पंतप्रधान, संरक्षणमंत्री किंवा गृहमंत्री यांपैकी जो हाती लागेल त्यानं निर्णय घ्यायचा. पहिला मुद्दा थेट अमृतसरमधून आलेला आहे आणि तो योग्यच आहे. २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यानं १९८२ चा जुना कायदा मोडीत काढला, जीव गेल्यास फाशीपर्यंत शिक्षा आणली, नुसती धमकीही गुन्ह्यात धरली. या कायद्याखालची पहिली शिक्षा मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात सापडलेल्या एका चिठ्ठीच्या प्रकरणात २०१९ मध्ये झाली. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं त्या आरोपीला निर्दोष सोडलं. विमान पाडण्याच्या अधिकाराबद्दल मात्र हा कायदा काही म्हणत नाही. तो अधिकार राहिला धोरणात.

जर्मन न्यायालयाचं सगळं पटायलाच हवं असं नाही. दाट वस्तीवर येणारं विमान बघत बसायचं का, या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्याला तर ते मुळीच सुचणार नाही. पण आपल्याच नागरिकांना मारण्याचा अधिकार, मग तो कितीही दुर्मीळ प्रसंगासाठी असो, मंत्रिमंडळाच्या एका समितीच्या कागदावर राहू नये. कुणी बघायला जायचं, काय दिसल्यावर काय करायचं, हुकूम कुणाचा, तो देण्याआधी वर गेलेल्या वैमानिकाला कोणते प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि नंतर जाब कुणाला द्यायचा, हे संसदेत उघड चर्चा होऊन कायद्यात यायला हवं. प्रवाशांच्या यादीत नावं आपली असतात. तेव्हा पुढच्या वेळी आपला खासदार मतं मागायला दारात आला, की त्याला हे जरूर विचारा.